मातीमावशीची पोती

घर बदलताना माणसं टेम्पोत आधी कपाट चढवतात. मातीमावशी आधी माती चढवायची. सिमेंटची रिकामी पोती दोनदा धुवायची, तापलेल्या स्क्रूड्रायव्हरने त्यांच्या बुडाला भोकं पाडायची आणि मातीने भरायची, ही तिची रीत. पोती चढली की मग भांडी, मग गाद्या, आणि उरलेल्या जागेत नवरा आणि मुलगी.

नवरा रंगारी होता. हाताचा गुणी, तोंडाचा फटकळ. घरमालकाशी त्याचं कधी म्हणून पटलं नाही. कुणाशी पाण्यावरून वाजलं, कुणाशी जिन्यावरून, आणि एकाशी तर त्याच्याच घराला कुठला रंग शोभेल यावरून. वाजलं की निघाले चंबूगबाळं आवरून. म्हणून मावशी लावायची ती सगळी घाईची पिकं. मुळा, पालक, कोथिंबीर, कांद्याची पात. भांडण व्हायच्या आत ती खाऊन झाली पाहिजेत! गॅलरीत, गच्चीत, जिन्याच्या वळणावर, जिथे ऊन पडेल तिथे पोतं. भाजीची सालं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, सुताराकडचा भुसा, सगळं त्यात जिरायचं. वर्षानुवर्षं असं पोसून माती काळीभोर, भुसभुशीत झाली होती. मावशी मूठभर उचलून नाकाशी धरायची आणि तेवढ्यापुरती शांत व्हायची. एरवी तिच्या जिवाला चैन नसे.

मातीमावशी हे नाव गल्लीतल्या पोरांनी दिलेलं. गल्ल्या बदलल्या, पण टेम्पोवाला तोच राहिला. तो नवऱ्याचा जुना दोस्त, आणि बडबड्या, त्यामुळे नाव तिच्याआधी नव्या घरी पोचायचं.

एकदाच तिने माती पोत्यांतून बाहेर काढली होती. एका घरामागे मोकळी जमीन होती, आणि घरमालक म्हणाला होता, "राहा हवं तितकं, आपलंच घर समजा." हिने समजलं. पोती रिकामी केली, टोमॅटो लावले. टोमॅटोला फुलं आली आणि नवऱ्याचं घरमालकाशी वाजलं. टेम्पो दारात घरघरत होता, आणि ही उकिडवी बसून दोन्ही हातांनी जमीन खरवडत होती. मुलगी तेव्हा एवढीशी. ती आंघोळीच्या मगाने पोत्यात माती भरत होती. निम्मी माती तिथेच राहिली. मावशी वाटभर रडली. नवऱ्याला वाटलं, घरमालकाने आपला अपमान केला म्हणून रडतेय, आणि तो तिचीच समजूत घालत बसला.

पुढे नवरा गेला. मुलगी शिकली, हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला लागली, तिचं लग्न झालं. मग तिने आणि जावयाने दोन खोल्या विकत घेतल्या. वरच्या मजल्यावर हवेशीर खोल्या मिळत होत्या, तरी मुलीने हट्टाने तळमजला घेतला, कारण मागे जमिनीचा पट्टा होता. चिंचोळा होता, पण स्वतःचा. मग ती आईला घेऊन आली.

"आई, ओत आता," पहिल्याच दिवशी मुलगी म्हणाली.

"बघू," मावशी म्हणाली.

ते बघू काही संपेना. पोती तोंडं बांधल्यासारखी भिंतीशी उभी. सकाळी ऊन इकडे म्हणून मावशी ती इकडे ओढायची, दुपारी तिकडे. रात्री पाऊस आला तर, वारा सुटला तर, म्हणून पुन्हा आत. सारखी हलवाहलवी. जावई बिचारा कामावरून यायचा, ठेचकाळायचा आणि पाय चोळत म्हणायचा, "आई, काल इथून रस्ता होता." मावशी हसायची, आणि दुसऱ्या दिवशी तो रस्ताही बदलायची. तिचे स्वतःचे कपडेही अजून बॅगेतच होते. कपाटात तिच्यासाठी रिकामा ठेवलेला कप्पा तसाच रिकामा.

मुलीने लिंबाचं रोप आणलं. तिला ते जमिनीत लावायचं होतं.

"पोत्यात लाव," मावशी म्हणाली. "पोत्यातलं आपलं राहतं."

आईच्याच मातीच्या एका पोत्यात मुलीने रोप लावलं आणि ते पोतं मागच्या पट्ट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. "तुझं झाड, तू बघ," असं मावशीने सांगून टाकलं. बाकीची पोती ती दिवसभर नाचवायची, पण लिंबाच्या पोत्याला हट्टाने हात लावायची नाही. पाणी मात्र घालायची. मुलगी पहाटेच कामाला जायची, आणि झाडाचा काय दोष?

वर्ष उलटलं. लिंबाला फुलं आली. मुलगी धावत आत आली, आईचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेली. "बघ ना! आई, आता तरी ओतू या सगळी पोती? दोघी मिळून?"

"बघू."

मुलीने हात सोडला.

"तुझं हे बघू ऐकत मी मोठी झाले. शाळेत मैत्रीण केली की तू म्हणायचीस, बघू, किती दिवस आहोत इथे. तेव्हा बाबा होते, घरमालक होते. आता इथे कोण आहे? मी आहे ना? माझ्या घरात तू अशी राहतेस, जशी काही मी तुला उद्या हाकलणार आहे."

मावशीच्या वर्मी लागलं. आणि वर्मी लागलं की तिच्या तोंडून नवरा बोलायचा.

"हाकलायची वेळ मी कुणावर येऊ देत नाही. त्याआधी निघते."

मावशीने टेम्पोवाल्याला फोन केला. त्याच्या माहितीत एक खोली होती, वर गच्ची. रागाच्या भरात माणूस काय काय ठरवतो, आणि मग मान खाली घालायला नको म्हणून ते पारही पाडतो.

रविवारी टेम्पो आला. टेम्पोवाला आता म्हातारा झाला होता, पण रीत विसरला नव्हता. "आधी माती ना, वहिनी?" म्हणत त्याने पोत्यांना हात घातला. एकेक पोतं चढत होतं. मुलगी मागच्या दारात उभी होती, डोळे सुजलेले. जावई चहा करतो म्हणून आत गेला तो बाहेर यायचं नाव घेईना. कुणीतरी थांब म्हणावं, असं मावशीला वाटत होतं, आणि म्हटलं असतं तर ती थांबली नसती.

"लिंबूही ने," मुलगी म्हणाली. "तुझ्याच मातीत आहे ते."

मावशीने जाऊन पोतं धरलं. पोतं हललं नाही. तिने पदर खोचला, पाय रोवले, पुन्हा ओढलं. कुठलं काय!

"वहिनी, दगड भरलेत की काय यात?" म्हणत टेम्पोवाला आला. दोघांनी जोर लावून पोतं जरासं तिरकं केलं. बुडाला, तिनेच पाडलेल्या भोकांतून, बोटाएवढ्या जाड मुळ्या बाहेर आल्या होत्या आणि सरळ जमिनीत गेल्या होत्या. कोणाला न विचारता.

"कोयता आहे गाडीत," टेम्पोवाला म्हणाला. "तोडू का?"

मावशी मुळ्यांपाशी उकिडवी बसली. तिला ती जमीन आठवली, टोमॅटोची फुलं आठवली, आणि शेजारी बसून मगाने माती भरणारी पोरगी. पोरगी तेव्हा रडली नव्हती. आई रडते म्हणून ती मुकाट्याने मग भरत राहिली होती. आपण आपली निम्मी माती आजवर मोजत बसलो, आणि या पोरीचं काय काय मागे राहिलं ते विचारलंसुद्धा नाही.

"भाऊजी, कोयता आणा," ती म्हणाली.

मुलीने तोंड फिरवलं. मावशीने कोयता घेतला आणि पोतं वरपासून खालपर्यंत उभं फाडलं. काळी माती भसकन पसरली. लिंबाचं झाड जागच्या जागी उभं राहिलं. आधीच उभं होतं ते.

"बाकीची पोती खाली घ्या."

"हे आधी सुचलं असतं तर? माझी कंबर गेली ना!" टेम्पोवाला कुरकुरला, पण पोती उतरवायला लागला. मुलगी अनवाणीच धावत आली. दोघी गुडघ्यांवर बसून माती पसरत राहिल्या. मुलगी रडत होती, हसत होती, मातीच्या हातांनीच डोळे पुसत होती. जावई चहा घेऊन बाहेर आला, सगळा प्रकार पाहिला आणि आणखी कप आणायला वळला. मावशी मधेच थांबली, कुठलंसं पोतं हलवायचं राहिलं म्हणून तिने सवयीने इकडेतिकडे पाहिलं. हलवायला काही उरलंच नव्हतं. तिला जरा भीतीच वाटली.

टेम्पोवाला चहा पिऊन गाडीत चढला. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मग वहिनी, आता परत कधी येऊ?"

"पुढच्या रविवारी या, जेवायला," मातीमावशी म्हणाली. "आणि भाऊजी, येताना टेम्पो आणू नका."