चौघांना आणायला गेले

भुसावळहून आलेली गाडी सुरतजवळ उधन्याला थांबली तेव्हा माझ्या पायाशी दादरचं (खानदेशी ज्वारीचं) पोतं होतं आणि डोक्यात एकच काम. धाकटा दीर प्रकाश, जाऊ सुनीता आणि त्यांच्या दोन मुली, चौघांना गावी न्यायचं. प्रकाश कामाला होता तो लूमचा (कापड विणायचा) कारखाना बंद पडला होता. शेती आमची सामाईक, घर मोठं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

लिंबायतला त्यांच्या गल्लीत रिक्षावाल्याने पोतं उतरवलं. म्हणाला, "मासी, म्हणे सुरत सोन्याची मूरत, पण इथे सगळे पोतंच आणतात. सोनं कोणी आणत नाही!"

भरदुपारी सुनीताची शेगडी थंडगार, भांडी पालथी. ती मजुरीवर साडीला खडे चिकटवत बसली होती.

"कधीपासून उपाशी आहात गं?" मी विचारलं.

ती हसायलाच लागली. "ताई, आजची पाळी मंगलाबाईंची."

चाळीतल्या सहा घरांचं जेवण रोज एकाच घरी शिजतं. ज्यांचं काम सुटलं, त्यांनी धान्य द्यायचं नाही, भाकरी थापायच्या. मंगलाबाई बीडकडच्या. मला वाढताना म्हणाल्या, "या. महिनाभर तुमची माणसं आमच्या ज्वारीवर हायेत. आता तुमची दादर सोडा."

म्हणजे मी आणलेलं धान्य माझ्या माणसांसाठी नव्हतंच? मी गोंधळले, पण भाकरी चांगली होती.

खोलीत परत आल्यावर म्हटलं, "सुनीता, सामान बांध."

"कसाले (कशाला)? मागे विहीर आटली तेव्हा तुमचं घर कुठल्या पगारावर चाललं?"

प्रकाशच्या. इथल्याच.

"सगळे तिकडे आलो आणि पुन्हा आटली, तर कोणाकडे बघायचं? ही खोली सोडली की परत मिळत नाही. मी आणि पोरी इथंच राहू. यांना न्या, कापूस वेचायला होतील."

"मला कोणी विचारलं का?" दारात उभा प्रकाश म्हणाला.

"जेवायला विचारते ना रोज?"

दुसऱ्या दिवशी मी आणि प्रकाश निघालो. सुनीताने रिकामं पोतं धुऊन, घडी घालून हातात दिलं. नंदुरबार गेल्यावर प्रकाशने विचारलं, "वहिनी, मी घरी चाललोय, की घर सोडून?"

मी पोतं धर म्हटलं.

घरी ह्यांनी चार खाटा टाकून ठेवल्या होत्या. तीन मी उभ्या करून भिंतीला टेकवल्या, माळ्यावर टाकल्या नाहीत. कोणी कोणाला सांभाळलं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. दादर निघाली की सुरतेला न्यायला दुसरं पोतं भरायचं, एवढं मात्र ठरलं आहे.