सत्काराची शाल

आक्का, माझी थोरली बहीण. तिला स्तनाचा कॅन्सर झाला ते सांगलीकडच्या तिच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं दाजींना, भाचीला आणि मला. भाचीचं लग्न जमत आलं होतं. "पोरीवर अक्षता पडूस्तोवर तोंड उघडायचं न्हाई," आक्कानं मला बजावलं होतं. आईचा आजार लेकीत उतरतो म्हणून पावणे माघारी जातील, ही तिची भीती. गुडघा दाखवायला जाते असं सांगून ती सांगलीच्या दवाखान्यात केमोचे डोस घ्यायची. एका तरी डोसला ये, म्हणायची. मी दर वेळी साताऱ्याहून फोनवर ऑफिसचं कारण पुढं करायचो. खरं कारण आज लिहितो. मला दवाखान्यातल्या बाकावर बसायची भीती वाटायची.

त्याच दिवसांत आमच्या ऑफिसातल्या काहीजणांनी कॅन्सरच्या गरीब पेशंटांसाठी निधी जमवायचं ठरवलं. त्यात मात्र मी पुढं होतो. सुट्टीच्या दिवशी मदतीचा डबा घेऊन स्टँडवर उभा राहायचो. आमच्यात एक रिटायर्ड सुभेदार होते. ते म्हणायचे, "साहेब, तुमी खाली बघून मागता. समोर बघा की. लोक काय खात न्हाईत."

निधीच्या शेवटच्या कार्यक्रमात मी समोर बघितलं. माझ्या हातात माईक होता आणि लोक आपसात बोलत बसले होते. मी म्हणालो, "माझ्या सख्ख्या बहिणीला हा आजार आहे." सगळे गप्प झाले. तिथं थांबता आलं असतं. मी तिचे केस गळाल्याचं सांगितलं, गाव सांगितलं, लेकीचं लग्न ठरतंय तेही सांगितलं, आणि रडलो. वर झालेले मोबाइल मला दिसत होते. डबे भरले. मला शाल-श्रीफळ मिळालं.

दोन दिवसांत तो व्हिडिओ आक्काच्या गावच्या ग्रुपवर गेला. आठवड्यात पावण्यांचा निरोप आला, यंदा कर्तव्य नाही.

मी गेलो. मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून सत्काराची शाल पिशवीत घातली. आपल्याकडं ती शाल कोण वापरतं, ती पुढंच जाते. भाचीनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि 'मामा' न म्हणता आत गेली.

"तुला थंडी वाजते ना, म्हणून घेतली," मी शाल पुढं केली.

आक्कानं ती उलगडून काठ बघितला. "व्हिडिओत तुझ्या खांद्यावर हुती, तीच न्हवं ही?"

मी पाण्याचा तांब्या उचलला.

"पावण्यांच्या मानपानाला ठेवली असती. आता कुणाला पांघरू?" तिनं पहिल्यासारखी घडी घातली आणि शाल माझ्याकडं सरकवली. "लय रडलास रं. मी दोनदा बघितलं. दवाखान्यात आला असतास तर तिथं रडला असतास. तिथं कोण कुणाला बघत न्हाई."

पुढच्या डोसपासून मी जातो. तिथं मला रडू येत नाही. औषध चढायला लागलं की तिला हुडहुडी भरते, मग ती घरून आणलेली जुनी चादर घेते. पायावरून सरकली की मी नीट करतो. तेवढं ती करू देते.

भाचीचं अजून जमलेलं नाही. तीही येते. त्याच बाकावर बसते, मध्ये पिशवी ठेवून.