कोरड्या डोळ्यांची धवलारीण

उरणच्या बाजूला, खाडीकाठच्या एका आगरी गावात पुतळाबाई राहत असे. दिवसा मिठागरात राबायची आणि लग्नसराईत धवले गायची. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीचं गाणं असतं, आणि ते जिच्या तोंडी असतं ती धवलारीण. तिने सुरुवात केल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. नवरा मुंबईच्या गोदीत कामाला गेला आणि तिकडेच तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. गावात तिला जी काही जागा होती, ती या गळ्यामुळे होती.

पंचावन्न-छप्पन साल असेल. डोळ्यांचं दुखणं चोरपावलांनी आलं. सकाळी उठावं तर पापण्या चिकटलेल्या. दुपारी मिठाच्या राशींवरून ऊन उलटून यायचं, तेव्हा डोळ्यांत रेती भरल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी वारा सुटला की धारा लागायच्या. बरोबरीच्या बायका थट्टा करत, पुतळे, कोनाची आठवन काढतेस गो? ती हसून पदराने डोळे पुसायची.

मिठागरातल्या माणसांचा मिठावर फार विश्वास. जखम झाली, मिठाचं पाणी. दात दुखला, मिठाचं पाणी. तिनेही तेच केलं. काम सुटलं की खारं पाणी ओंजळीत घेऊन डोळे धुवायची. आग व्हायची. आग झाली म्हणजे घाण निघाली, अशी तिची समजूत. दुखणं वाढत गेलं.

मग गावातल्या देवजीच्या मुलीची हळद आली. मागच्या अंगणात चुली पेटल्या होत्या. धूर मांडवात शिरला. पुतळाबाई गात होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन थेंब हळदीच्या वाटीत पडले. गाणं थांबलं. देवजीची आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हळदीत पानी पाडलंस गो. आता काय व्हायचा तो होवो."

त्या पावसाळ्यात देवजीच्या जावयाची होडी फुटली. माणूस वाचला. पण गावाला तेवढं पुरलं.

तिला तोंडावर कोणी काही बोललं नाही. फक्त पुढच्या लग्नसराईत तिच्या दारी बोलावण्याची सुपारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेजारच्या गावातली सुमित्राबाई बोलावली जाऊ लागली. मांडवातून गाणं ऐकू आलं की पुतळाबाई दार लोटून घ्यायची. कधी कधी तिला स्वतःलाच वाटायचं, आपल्या नजरेतच काही वाईट असेल. हे तिने कोणाला सांगितलं नाही. गावातच राहणाऱ्या धाकट्या भावालाही नाही.

पनवेलला एक डोळ्यांचा डॉक्टर बसतो, असं तिने बाजारात ऐकलं. ती एकटीच गेली. डॉक्टरने तिच्या पापणीच्या आत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. पट्टी काढली तेव्हा तिचं टोक तेवढं ओलं होतं.

"बाई, तुमचे डोळे कोरडे आहेत."

तिला वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. "डाक्तर, मंग ये पानी कोनाचा?"

डॉक्टर हसला नाही. त्याने सावकाश समजावलं. डोळ्यावर ओलाव्याचा पातळ थर असतो. वयाने, उन्हाने, वाऱ्याने तो विरतो. मग डोळा जळतो, आणि जळला की घाबरून पाण्याचा लोंढा सोडतो. ते पाणी गालावरून निघून जातं. डोळ्याला त्याचा उपयोग होत नाही.

ती म्हणाली, "उधानाचा पानी बांध फोडून आत येतो आन व्होटीला जातो. शेत तसाच कोरडा. तसा ना?"

"तसंच," डॉक्टर म्हणाला.

खाऱ्या पाण्याचं ऐकून त्याने कपाळाला हात लावला आणि ते बंद करायला सांगितलं. हेही सांगितलं, की हे बरं होणारं दुखणं नाही. सांभाळायचं दुखणं आहे. रोज, जन्मभर.

परतीच्या एसटीत तिला जन्मभराचं काही वाटलं नाही. आजार आहे, नजर नाही, एवढंच ती मनात म्हणत राहिली.

ती सांभाळू लागली. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मिटल्या पापण्यांवर ठेवायचं, मग पापण्यांच्या कडा हलक्या हाताने पुसायच्या. बाटलीतले थेंब घालायचे. चूल तिने बाहेर पडवीत नेली. मिठागरात पदर कपाळावर ओढून, जमेल तेव्हा वाऱ्याकडे पाठ करून ती मीठ ओढायची. कामाच्या नादात आपण डोळे मिटायचंच विसरतो, हे तिला आता कळलं. मग ती आठवणीने पापण्यांची उघडझाप करायची. वाईट दिवस तरीही यायचे. पण वर्षभरात धारा थांबल्या.

कोणाच्या लक्षात आलं नाही. आलेलं पाणी सगळ्यांना दिसलं होतं. न आलेलं कोणाला दिसणार?

साठ सालानंतर धाकट्या भावाच्या, गोवर्धनच्या मुलीचं लग्न ठरलं. ही मुलगी, चंदा, आपल्या या आत्याच्या मांडीवर धवले ऐकत वाढली होती. पुतळाबाई भावाला भर वाऱ्यात बांधावर घेऊन गेली. वाऱ्याकडे तोंड करून बसली.

"बघ माज्याकं."

तो बघत राहिला. तिचे गाल कोरडे होते. तिने त्याला पट्टीचं, थेंबांचं सगळं सांगितलं.

"मना पटला गो बाय," तो म्हणाला. "पन गावाला कोन सांगल?"

"तू सांग."

गोवर्धन पायाखालची माती उकरू लागला. म्हणाला, "सुमित्राबाईला सुपारी गेली."

हळदीच्या दिवशी ती मांडवात सगळ्यांच्या मागे बसली. निघताना थेंब घालून आली होती. सुमित्राबाई सरळ स्वभावाची बाई. सुरुवात करण्याआधी ती थांबली आणि तिने हाक मारली, "पुतळाबाय, पुढं या. आत्याचा मान हाय. पयला धवला तुमी घ्या."

सगळी डोकी मागे वळली. चंदाने आनंदाने वर पाहिलं. गोवर्धन मांडवाची दोरी चाचपू लागला. देवजीची म्हातारी आई मात्र तिच्याकडे पाहत नव्हती. ती हळदीच्या वाटीकडे पाहत होती.

इतकी वर्षं पुतळाबाईने याच हाकेची वाट पाहिली होती. डोळे शांत होते. गळा तयार होता. पण वाटीवरची ती नजर तिने पाहिली आणि पुढचं सगळं तिला दिसलं. आज एक थेंबही पडणार नाही. तरी उद्या पोरीला साधा ताप आला, तर लोक तापाचं कारण शोधत कुठे येतील, हे तिला ठाऊक होतं. आपल्या नावाला बट्टा लागलेला आहेच. चंदाच्या संसाराला तो कशाला?

"तुमीच घ्या," ती म्हणाली. "माजा गला बसलाय."

मांडवाने सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

सुमित्राबाईने धवला धरला. चंदाने मान खाली घातली आणि हळद लागू लागली. त्या गडबडीत पुतळाबाई उठली. बांधावर आली. खाडीवरून वारा येत होता. तिने वाऱ्याकडे पाठ केली नाही. पहिला धवला चंदाचं नाव घालून, एकही ओळ न गाळता, शेवटपर्यंत म्हटला. डोळे झोंबू लागले. मग पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.