हौसाकाकीचा अंगठा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, देवापुढेसुद्धा पुटपुटलेलं नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगता येतंय.

माण तालुक्यातल्या आमच्या गावात मी बँकेचं मशीन चालवते. बायकांचा अंगठा घ्यायचा, खात्यातले पैसे हातात द्यायचे. तोंडाची फटकळ, पण व्यवहाराला चोख, असं गाव माझ्याबद्दल म्हणतं. म्हणू दे. पहिल्या लॉकडाऊनमध्ये सरकारनं बायकांच्या जनधन खात्यावर पाचशे-पाचशे रुपये टाकले, तेव्हा माझ्या ओट्यासमोर रांग लागायची. लगेच काढले नाहीत तर सरकार परत घेतं, अशी आवई उठलेली. वेशीवर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या, आणि मुंबईहून येईल त्यानं आधी शाळेत राहायचं, असा गावाचा हुकूम.

हौसाकाकी आमच्याच आळीतली. विधवा बाई, दारात दोन-तीन शेरडं, आणि मुंबईत हमाली करणारा एकुलता एक बाळू. तो आला — थोडा चालत, थोडा ट्रकनं — आणि काकीनं त्याला शाळेत न धाडता सरळ घरात घेतलं. गावभर कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी काकी रांगेत आली, तर तिच्या मागेपुढे कोणी उभं राहीना.

आता इथं माझी जीभ अडखळते.

काकीचा अंगठा खुरपं धरून झिजलेला. मशीनवर नुसता ठेवून तो उमटायचा नाही. दर वेळी मी माझ्या हातानं दाबून धरायची. त्या दिवशी तिनं हात पुढे केला आणि मी मशीनच मागे ओढलं. "काकी, तुमचं पैसं न्हाई आलं," म्हणाले. बघितलंसुद्धा नव्हतं. घरी सासूबाईंना दमा होता म्हणून? छे. ते कारण मी नंतर शोधलं. मी भ्याले, एवढंच.

ती हळूच म्हणाली, "बाळूला घरात घेतलं म्हणून सरकारनं थांबवलं व्हय गं?"

काय म्हणायला हवं होतं मी? मी मान हलवली. हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काकी बाळूला मुंबईकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रकमध्ये बसवून आली. त्याला ना ताप होता, ना खोकला. गावाचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला — का खोटं बोलू?

पुढच्या महिन्यात काकी आली. आता तिचा हात धरायला मला कसली भीती? दोन्ही महिन्यांचे पैसे एकदम निघाले. तिनं नोटा कपाळाला लावल्या. "बघ, पोरगं गेलं आन् सरकारनं सोडलं." तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला? बाळू धडधाकट होता. त्याच्या खोलीशेजारची माणसं आजारी पडत होती, तो परत येऊ का म्हणून विचारत होता — हे काकीनंच सांगितलं. आणि म्हणाली, त्याला फोन लावून दे. मी लावला. माझ्याच फोनवरून. तिच्या कानाशी धरला.

"बाळू, एवढ्यात येऊ नगंस. पैसं चालू झाल्यात."

"बरं, आये," तो म्हणाला. मला स्पष्ट ऐकू आलं.

बाळू तिकडेच त्या आजारानं गेला. तिकडेच कोणीतरी त्याला अग्नी दिला; काकीला तोंडसुद्धा दिसलं नाही. इथं असता तर वाचला असता? माहीत नाही. पण आईच्या दारात असता.

काकी अजून येते. आता दुसऱ्या कुठल्या कुठल्या योजनेचे पैसे असतात. रांगेतल्या नव्या सुनांना ती स्वतःच सांगते, पाचशे रुपयांपायी मी पोरगं घालवलं म्हणून. त्या हळहळतात. मी मान खाली घालून नोटा मोजते. कुंपणानंच शेत खाल्लं, हे त्या रांगेत एकट्या मला माहीत असतं.

परवा रांग संपल्यावर ती ओट्यावर टेकली. तिथंच खेळणाऱ्या माझ्या मुलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या जागी तू असतीस तर धाडलं असतंस का गं पोराला?"

मी म्हणाले, "न्हाई, काकी."