लेथ बघायला आलेली माणसं

आज सकाळी दूध आणायला निघाले आणि कोपऱ्यावरच्या वर्कशॉपपाशी पाय थबकले. शटर अर्धं वर होतं, फरशी नुकतीच धुतलेली, आणि आतून झेंडूचा नि मशीनच्या तेलाचा मिळून एक वास येत होता. हे दोन वास एकत्र आले की कोल्हापुरात खंडेनवमी आहे हे कॅलेंडर न बघता कळतं. यंदा मात्र तो वास येईपर्यंत मला आठवणच नव्हती. घरात मशीन उरलं नाही, तर हार आणायचा कुणासाठी?

वडील शिरोलीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लोखंड फिरवून कापायचा एक छोटा लेथ घेतला, घरामागच्या परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला आणि नोकरी जणू घरीच आणली. कुणाच्या पंपाचा दांडा, कुणाच्या मोपेडचा बुश, असली बारीकसारीक कामं चालायची. चहा झाला की मोटार सुरू व्हायची आणि तिचा घुमणारा आवाज आईच्या भाकरीच्या थापांत मिसळून जायचा. वर्षातून फक्त खंडेनवमीला मशीन बंद. हळदकुंकू वाहून, हार घालून वडील त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसत, आणि हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नसे. घर इतकं गप्प होई की आई म्हणायची, "उद्या एकदा चालू होऊ दे बाई. कान उपाशी बसल्यात."

मागच्या दिवाळीनंतर वडील गेले. गोणपाटाखाली झाकलेला लेथ आईला बघवेना. विकायचं ठरलं, पण तिची एकच अट होती, घेणाऱ्यानं तो चालवला पाहिजे. माणसं बघायला येऊ लागली आणि आई प्रत्येकासाठी पोहे टाकू लागली, घरात उपवर मुलगी असल्यासारखी.

एक निवृत्त साहेब आले. त्यांना हौस म्हणून वाफेचं छोटं इंजिन बनवायचं होतं. घरच्या लाईनवर चालतो का, जिन्यातून वर जाईल का, हे विचारून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, आवाज फार येतो का? आईला ते लागलं. एका पोराला बाल्कनीत मावेल एवढाच लेथ हवा होता. मला गंमत वाटायची. घरात मावणारं, लोखंड कापणारं आणि तरी आवाज न करणारं सगळ्यांना हवं असतं. असं माणूससुद्धा कुठं मिळत नाही. हायवेवरचा एक हॉटेलवाला तर घासाघीस न करता न्यायला तयार होता. दिव्यांच्या माळा सोडून दारात शोभेला ठेवणार म्हणाला. आईनं त्याला पोहे दिले, लेथ दिला नाही.

शेवटी हातकणंगल्याकडचे एक शेतकरी आले. फवारणी पंपाचे भाग घरीच करायचे होते. त्यांनी मशीन चालू करायला लावलं, तळहात ठेवला आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. आईनं विचारलं, "रोज चालवणार न्हवं?"

"रोज न्हाय, मावशी. काम निघंल तवा चालवणार. खोटं कशाला बोलू? पण कवाबी फोन करा, चालू करून ऐकवतो की."

त्या खरेपणावर आई विरघळली. टेम्पोत चढवण्याआधी तिनं लेथला कुंकू लावलं, आणि टेम्पो वळल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडली. मीही रडले. वडील तेव्हा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून आई अधूनमधून फोन लावते. आज मी दूध घेऊन परत आले तर ती फोन कानाशी धरून ओट्यापाशी उभी होती. पलीकडचा मोठा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मावशी, आज कसं चालू करू? खंडेनवमी न्हवं का? हार घातलाय."

"व्हय की," आई म्हणाली, "इसरलेच बघा. झेंडूचाच हाय न्हवं हार?"

फोन ठेवून ती परड्याच्या पायरीवर बसली. मी दूध तापत ठेवलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. शेडमध्ये आता सरपण आहे. उद्या दसरा. उद्या तिकडे हातकणंगल्याला मोटार पुन्हा सुरू होईल, काम निघालं तर. आमच्या घरात मात्र आता रोजच खंडेनवमी आहे.