पाठ टेकवणारा नट

जानेवारी २००२, शेवटचा रविवार. ठिकाण: गारगोटी रस्त्यालगतचा एक माळ. हजर: सिनेमाचा हिरो, डायरेक्टर, फाइट मास्टर, कॅमेऱ्याची माणसं, जत्रेची गर्दी म्हणून बोलावलेले आसपासचे गावकरी, माझा धाकटा भाऊ आणि मी. गैरहजर: वस्ताद.

कोण हजर आणि कोण गैरहजर हे लिहून ठेवायची सवय मला माझ्या खानावळीमुळे लागली. माणसं कळली की भाकरी किती थापायच्या ते कळतं. त्या महिन्यात कोल्हापुरात उतरलेल्या शूटिंगवाल्यांच्या दुपारच्या जेवणाचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी त्या माळावर होते. भाऊ मात्र जेवण वाढायला आला नव्हता. त्याला सिनेमात पडायचं होतं.

तो पैलवान. तालमीतच राहायचा, जेवायला आमच्याकडे. त्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून मारुतीचं चित्र होतं आणि शेजारी ह्या हिरोचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो. तालमीतली पोरं त्याला चिडवायची, मारुतीरायाला जागा अपुरी पडायला लागली म्हणायची. आमच्या घरात नटांवरून रोज वाद. आईला चांगलं रडणारा नट लागायचा, माझ्या नवऱ्याला खणखणीत बोलणारा. भाऊ सगळ्यांना अंगावरून मापायचा. अमक्याच्या पोटऱ्या बघितल्यास का, तमक्याची मान बघितलीस का, असं त्याचं चालायचं. ह्या हिरोचं अंग तर बेताचंच होतं. मग तुला हाच का आवडतो, असं मी एकदा विचारलं, तर तो म्हणाला, "आक्का, त्यो खोटा वाटत न्हाय. बास."

सिनेमात जत्रेचं मैदान होतं. परगावचा हिरो येतो आणि गावच्या पैलवानाला चीत करतो, असा प्रसंग. डायरेक्टरला खराखुरा पैलवान हवा होता. फाइट मास्टर आठवडाभर शहरातल्या तालमी फिरला आणि त्यानं माझ्या भावाला निवडलं. भावाला दोन दिवस झोप लागली नाही. ज्याचा फोटो ट्रंकेत, त्याच्याच अंगाला अंग भिडणार होतं.

वस्तादांनी जायला परवानगी दिली, पण अट घातली. "कॅमेऱ्याफुडं नाच, उड्या मार, काय बी कर. पण पाठ लावलीस तर ह्या पायरीवर पाय ठेवायचा न्हाय." कुस्तीत दोन्ही खांदे मातीला टेकले, पाठ लागली, की माणूस हरला. लहानपणी एकदा सोडली तर माझ्या भावाची पाठ कुठल्याच मैदानात लागली नव्हती. वस्ताद हे पाव्हण्यारावळ्यांना सांगायचे, त्याला ऐकू जाणार नाही एवढं बघून. तेव्हा भावासमोर सरळ प्रश्न होता. हिरोकडून पडायचं तर तालीम जाणार, आणि नाही पडायचं तर हिरो. कुशीवर पडून भागवू, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि जीपमध्ये बसला.

माळावर बाहेरून ट्रॉलीनं लाल माती आणून टाकली होती. चारी बाजूंनी पताका, हलगी, फेटेवाले गावकरी. डायरेक्टरनं पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं की कुशीवर चालणार नाही, पाठच टेकली पाहिजे, त्याशिवाय लोकांना जिंकला कोण ते कळणार नाही. भावानं माझ्याकडे बघितलं. मी भात उपसत होते. एवढ्या लांब येऊन काम अर्धवट टाकायचं नाही, वस्तादांचं मी बघते, असं मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. कसं बघणार हे मलाही माहीत नव्हतं. त्यानं मान हलवली आणि तो मातीत उतरला.

हिरोनं ढाक मारली, उचलून पाठीवर टाकायचा डाव. म्हणजे भावानंच अंग उचलून दिलं. पण खाली येता येता तो हवेत वळला आणि पोटावर पडला. पुन्हा घेतलं. पुन्हा पोटावर. तिसऱ्यांदा पडायच्या आधीच त्याचा हात मातीला लागला आणि तो परत पायांवर उभा. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं आवाज दिला, "पावणं, मांजर हाय ते. कसंबी टाका, पायावरच पडतंय." सगळे हसले. भाऊ हसला नाही. तो माझ्याकडे आला, तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "आक्का, मी पडाय बघतोय गं. पाठच ऐकंना."

डायरेक्टरचा आवाज चढला. दुसरा माणूस बघा, असं त्यानं फाइट मास्टरला सांगितलं. माझी भाजी तयार होती, पण वाढप मी मुद्दाम लांबवलं. एकदा माणसं पांगली की भावाला कुणी परत बोलावणार नाही, हे दिसत होतं.

तेव्हा हिरो मातीतच मांडी घालून बसला आणि त्यानं भावाला समोर बसवलं. काय अडतंय ते विचारलं. भावानं वस्तादांची अट सांगितली, खाली बघून. हिरोनं दोन-तीन प्रश्न विचारले. पाठ शेवटची कधी लागली, लागल्यावर गावात काय होतं, लोक काय म्हणतात. मग तो उठला आणि गर्दीकडे वळून त्यानं सगळ्यांना जवळ बोलावलं. कॅमेरा बंद ठेवायला सांगितला.

"पैलवान," तो म्हणाला, "आधी आपली खरी कुस्ती होऊ दे. तुम्हाला येतं तसं मला पाडा."

डायरेक्टर नको नको म्हणत होता. हिरोनं ऐकलं नाही. सलामी झाली. भावानं त्याला अलगद उचलला, आई बाळाला गादीवर ठेवते तसा खाली घेतला आणि दोन्ही खांदे मातीला लावले. हिरोनं घाई केली नाही. तसाच आभाळाकडे बघत पडून राहिला, सगळ्यांना नीट दिसेपर्यंत. गावकऱ्यांनी शिट्ट्या मारल्या, हलगी वाजली. हिरो उठला, केसांतली माती न झाडता त्यानं भावाचा हात धरून वर केला.

"निकाल लागला. हे जिंकले, मी हरलो, बघितलंत सगळ्यांनी. आता पुढचं नाटक."

त्यानंतरच्या पहिल्याच टेकमध्ये भावाची पाठ टेकली.

चांगला नट कशाला म्हणायचं, ह्याचं माझं उत्तर त्या दिवशी ठरलं आणि अजून बदललेलं नाही. आजचे नट मी आवर्जून बघते. एकजण कारकून झाला तर खांद्याला पिशवी लावायची त्याची पद्धतसुद्धा कारकुनाची असते. एकाचा आवाज असा की पाठ करून बसलं तरी पात्र दिसतं. एकजण वय लपवत नाही, टक्कल तसंच घेऊन प्रेमाच्या प्रसंगात उभा राहतो. हे सगळं मोठंच आहे. पण मी आणखी एक बघते. समोरच्या लहान नटाचा प्रसंग असेल तेव्हा हा काय करतो? त्याला जागा देतो की त्याच्या डोक्यावरून कॅमेऱ्याकडे बघतो? आपण हरायचं असेल तिथे पुरता हरतो की एक खांदा उचलून ठेवतो? बहुतेकजण खांदा उचलून ठेवतात. जे ठेवत नाहीत तेवढेच माझ्या यादीत राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीत गेले. बायकांनी आत जायचं नसतं, म्हणून पायरीशी उभी राहिले. सोबत माळावरचे दोन गावकरी आणले होते, त्यातला एक तो मांजर म्हणणारा म्हातारा. भाऊ रस्त्याच्या पलीकडे, सायकल धरून. वस्ताद उंबऱ्यात आले. काल पाठ लागली हे त्यांना आधीच कळलं होतं. मी झालेलं सगळं क्रमानं सांगितलं, गावकऱ्यांनी व्हय व्हय केलं. वस्तादांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मला विचारलं.

"पोरी, माती कुठली हुती?"

बाहेरून ट्रॉलीनं आणलेली, मी म्हटलं. तिच्यात तेल घातलं होतं का? ताक? हळद, लिंबू? मी नाही म्हटलं. तालमीच्या हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती ह्या सगळ्यानं महिनोन् महिने मळून तयार करतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ते इथे उपयोगी पडेल असं डोक्यात आलं नव्हतं.

"मग ती माती न्हवं, धूळ हाय. धुळीत पाठ लागली काय आन् न्हाय काय." त्यांनी रस्त्यापलीकडे आवाज टाकला, "ये, उभा काय ऱ्हायलास? जोर मारायचं हायत न्हवं?"

भाऊ आला. पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात वस्ताद पुढे म्हणाले, "पर मग तू बी त्याला पाडलं न्हाईस. धुळीतली कुस्ती दोघांचीबी धुळीतच."

पाठ लागली तेव्हा पडलं नव्हतं एवढं भावाचं तोंड पडलं. पाठ परत मिळाली, पण हिरोला पाडल्याचं गेलं. त्याला पाडल्याचं खरं धरायचं असेल तर काय करायचं, असं त्यानंच विचारलं. वस्ताद म्हणाले, त्याला इथं आण. आपल्या मातीत.

मी त्याच दुपारी जेवण वाढताना हिरोला हा निकाल कळवला. तो खर्ड्यानं पाणावलेल्या डोळ्यांनी खूप हसला आणि मग गंभीर झाला. वस्तादांचं बरोबर आहे, म्हणाला, येतो. दोन दिवसांत शूटिंग आटोपलं आणि गाड्या गेल्या.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो, वस्ताद सोडून. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं की कोल्हापूरचा गडी पडला की. आमच्या रांगेतून उत्तर गेलं, "पावणं, ती धूळ हाय." त्याला काही कळलं नसणार.

आता भावाचे केस पिकलेत आणि पोरांना तोच शिकवतो. वस्ताद तालमीबाहेर खुर्चीवर बसतात. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं थोडं दिसतं. दर दसऱ्याला मला बघून विचारतात, आला का गं तुझा नट? हिरो आता फार मोठा झालाय. त्याच्या ऑफिसात मी तीनदा जाऊन आले, फोनवरच्या मुलीला माझा आवाज पाठ झालाय. तो नाही म्हणत नाही, तारीख मिळत नाही एवढंच. मी सोडणार नाही. वस्तादांना दिसतंय तोवर हे व्हायला हवं. गेल्या आठवड्यात हौद्यात नवी माती भरली, ताक आणि तेल मी दिलं.

राहिलेलं काम: त्याला आणून पाडणे.