नऊ फुटांचं रिंगण

मिरची कांडताना आमच्या शेजारची वहिनी खाली बघत नसे. तुम्ही शाहूपुरीत कधी डंखावर, म्हणजे कांडपयंत्रावर, मसाला करायला गेला असाल, तर मी काय म्हणतो ते कळेल. लोखंडी मुसळ मिनिटाला साठेक वेळा उखळात आदळतं आणि दोन घावांच्या मधे बाई हात घालून मिरची उलटीपालटी करते. ती हे आमच्या तोंडाकडे बघत, गप्पा मारत करायची. एकदा मी विचारलं, "वहिनी, भीती वाटत नाही?"

"डंख बरा की. त्यो वेळ पाळतो."

वेळ न पाळणारा तिचा नवरा. आमच्या दोन घरांत नऊ इंची भिंत. थपडेचा आवाज वेगळा, वहाणेचा वेगळा, डोकं भिंतीवर आपटल्याचा वेगळा. अकरा वर्षांत मला तिन्ही ओळखू यायला लागले. त्या अकरा वर्षांत मी त्यांचं दार दोनदा वाजवलं.

गल्लीच्या टोकाला तालीम आहे. तिथले वस्ताद म्हणजे सत्तरीचे मुसलमान गृहस्थ, डावा कान कुठल्याशा जुन्या वारात अर्धा गेलेला. पोरांना लाठी आणि दांडपट्टा शिकवायचे. मी मोजणी खात्यातला, म्हणून खेळाचं रिंगण आखायला मला बोलवायचे. एका सकाळी मी तिथं असताना ती वस्तादांच्या घरचा मसाला घेऊन आली. भिंतीला पट्टा टेकवलेला होता. चार फुटांचं लवतं पातं आणि कोपरापर्यंत हात गिळणारी लोखंडी मूठ. तिनं डबा खाली ठेवला आणि कुणाला न विचारता मुठीत हात घातला.

"काकी, त्यानं भाकरी थापत न्हाईत," एक पोरगा म्हणाला. सगळे हसले.

तिनं पट्टा फिरवला. दुसऱ्या फेऱ्यात खुंटीवरची वस्तादांची टोपी दोन तुकडे होऊन पडली. वस्तादांनी दोन्ही तुकडे उचलून नीट पाहिले. असा हात कुठं शिकलीस, त्यांनी विचारलं. डंखावर, ती म्हणाली. तिला धाप लागली होती. मग ती हाताकडे बघत म्हणाली, "चाळीस वरसं मला वाटत हुतं, ह्यो मिरचीसाठीच हाय."

त्या दिवसापासून ती रोज सहाला तालमीत. नारळावर लिंबू ठेवायचं, लिंबू चिरायचं, नारळाला ओरखडा नाही. पहिल्या शंभरात एकतीस जमली. दिवाळीपर्यंत चौऱ्याण्णव. मीच मोजायचो. सरावाला गवताचा पुतळा होता, तो तिनं महिन्यात तीनदा असा फाडला की बांधायला दोरी पुरेना. वस्ताद वैतागले. राग घरी ठेवून येत जा, म्हणाले.

"घरी जागा न्हाय, वस्ताद."

शिवजयंतीला तिचा खेळ लागला. नवऱ्याला ते आठ दिवस आधी कळलं. त्यानं तिचं उजवं मनगट दाराच्या चौकटीत धरलं आणि दार लावलं. दोन हाडं मोडली. तो आवाज माझ्या ओळखीच्या तिन्हींत बसला नाही. मी दुसऱ्यांदा दार वाजवलं ते तेव्हा, आणि ते उशिराच होतं.

त्या वर्षी खेळ हुकला. हात प्लॅस्टरमध्ये असताना तिनं डाव्यानं लिंबं चिरायला घेतली. "डावा बी माझाच हाय की," म्हणाली. याच सुमारास वस्ताद तिच्या मागे लागले होते. हुपरीजवळच्या एका शाळेला मुलींना पट्टा शिकवायला बाई हवी होती. ती म्हणायची, संसार हाय.

पुढच्या शिवजयंतीला मी फक्कीनं रिंगण आखलं. पातं चार फूट, हात अडीच, पाऊल दीड आणि एक फूट बघणाऱ्यांच्या येडेपणासाठी, असा वस्तादांचा नियम. नऊ फूट. हलगी सुरू झाली आणि तिनं डाव्या हातानं पट्टा फिरवायला घेतला.

नवरा वेळूची काठी घेऊन रेषेच्या आत शिरला. पहिला घाव तिच्या पाठीवर बसला. पोलकं फाटलं, रक्त आलं. दुसरा मोडून जुळलेल्या मनगटावर. पट्टा फिरत असताना आत कोण जाणार, असं नंतर सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

तिसऱ्यांदा काठी वर गेली आणि तिनं ती तोडली. उरलेली पुन्हा तोडली. तिसऱ्या वारानंतर त्याच्या मुठीच्या वर चार बोटं काठी राहिली होती. त्याच्या कातडीला कुठं ओरखडा नाही.

हलगी थांबली. ती हळू आवाजात म्हणाली, "आता हात म्होरं कर."

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"पोरी, पातं खाली," वस्ताद म्हणाले. तिला वेळ लागला. मी मनात सातापर्यंत मोजलं. मग पातं खाली आलं. वस्तादांजवळ जाऊन तिनं एवढंच विचारलं, की हुपरीची ती जागा अजून हाय का.

ती घरी गेलीच नाही. मी तिला एसटी स्टँडवर पोचवलं. पाठ झाकायला माझ्या बायकोची शाल, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला पट्टा, वीतभर पातं बाहेर. बस खच्चून भरलेली, माणसं दारात लोंबत होती, पण तिच्या शेजारची जागा रिकामी.

"पावणं, बसा की," ती जवळच्या माणसाला म्हणाली.

"हुबाच बरा हाय," तो म्हणाला.

बस हलली. ती खिडकीतून माझ्याकडे न बघता पुढं बघत होती, आणि शेजारची जागा बस कोपऱ्यावर वळेपर्यंत तशीच होती.